धर्माचा रकाना

खानेसुमारीच्या पत्रकांतील बहुतेक रकान्यांना पडताळा असतो. मनुष्याचें वय जन्माच्या दाखल्यावरून ताडून पाहतां येतें; धंदा त्याच्या दुकानावरून किंवा कचेरीवरून कळतो; घरांत खोल्या किती व माणसें किती हें मोजणीदार स्वतःच्या डोळ्यांनीं पाहूं शकतो. धर्माचा रकाना मात्र ह्या सर्वांहून निराळा आहे. तेथें मनुष्य जें सांगेल तेंच लिहावयाचें, आणि जें लिहिलें गेलें तोच पुरावा समजावयाचा. असा हा रकाना असल्यामुळें त्यांत कोणी थट्टा लिहून ठेवली तर सरकारनें काय करावें, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु त्याच्या पोटांत एक फार जुना प्रश्न दडलेला आहे: धर्म कशाला म्हणावें, आणि तें ठरविण्याचा अधिकार कोणाचा? इ. स. २००१ सालीं तीन देशांतील लाखों लोकांनीं हा प्रश्न हंसतां हंसतां सरकारपुढें आणून ठेवला.

त्या वर्षीं न्यूझीलंडमध्यें ६ मार्चला, इंग्लंड व वेल्समध्यें २९ एप्रिलला आणि ऑस्ट्रेलियांत ७ ऑगस्टला खानेसुमारी झाली. तत्पूर्वीं कांहीं आठवडे ह्या देशांतील तरुण मंडळींत ई-मेलनें एक पत्र फिरत होतें. धर्माच्या रकान्यांत 'जेडाय' असें लिहा. असे कांहीं हजार लोक भरले म्हणजे सरकारला तो धर्म मान्य करणें भाग पडेल, असा त्या पत्राचा मथितार्थ होता. जेडाय हा शब्द कोणत्याहि धर्मग्रंथांतला नाहीं. जॉर्ज ल्यूकस ह्या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'स्टार वॉर्स' हा बोलपट १९७७ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांतील योद्ध्यांच्या एका पंथाचें हें नांव. विश्वांतील सर्व जीवांना एकत्र बांधणारी एक अदृश्य शक्ति आहे. भय आणि क्रोध जिंकून जो मन शांत करील त्यालाच ती साधते. गुरूजवळ राहून शिष्यानें ती विद्या आत्मसात् करावयाची असते, असें ह्या पंथाचें तत्त्वज्ञान बोलपटांत सांगितलें आहे. ज्ञानेश्वरीच्या परिचयांत वाढलेल्या मराठी श्रोत्याला त्यांत अपरिचित असें फारच थोडें वाटेल.

थट्टा थट्टेपुरतीच राहील असें ज्यांना वाटलें असेल त्यांचा अंदाज आंकडे बाहेर आल्यावर खोटा ठरला. ऑस्ट्रेलियांत ७०,५०९ लोकांनीं आपला धर्म जेडाय म्हणून लिहिला. न्यूझीलंडसारख्या चिमुकल्या देशांत ही संख्या ५३,००० च्या वर गेली. म्हणजे दर दोनशें माणसांमागें सुमारें तीन. तेथील बौद्ध किंवा हिंदु यांची संख्या त्याहून कमी होती. इंग्लंड व वेल्समध्यें तर ३,९०,१२७ जेडाय निघाले. त्याच खानेसुमारींत तेथें शीख ३,२९,३५८, यहुदी २,५९,९२७ आणि बौद्ध १,४४,४५३ होते. ब्रायटन ह्या समुद्रकांठच्या शहरांत शंभरांतील अडीचांहून अधिक लोकांनीं हें उत्तर दिलें होतें. केवळ आंकड्यांवर विसंबणाऱ्या एखाद्या परकीय प्रवाशाला वाटलें असतें कीं, ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदु यांच्या खालोखाल इंग्लंडांत हाच धर्म चालतो.

हीं उत्तरें देणाऱ्या सर्वांचा हेतु एकच होता असें समजण्याचें कारण नाहीं. कित्येकांना केवळ गंमत हवी होती. कित्येकांना, आपल्या देवाशीं सरकारला काय करावयाचें आहे, असा खोचक सवाल टाकावयाचा होता. आणि मूठभर माणसें अशींहि होतीं कीं, ज्यांनीं त्या बोलपटांतील शिकवणुकीवर खरोखरीचे संघ स्थापन केले, ध्यानधारणा सुरू केली आणि हाच आपला जीवनमार्ग मानला. अडचण ही कीं, रकान्यांत तिघांचाहि शब्द एकच. हंसत लिहिलेला शब्द कोणता आणि गंभीरपणें लिहिलेला कोणता, हें कागदावरून ओळखतां येत नाहीं.

हा रकाना इंग्लंडच्या पत्रकांत आला कसा, हें पाहिल्यावांचून ह्या थट्टेचा अर्थ पुरता कळत नाहीं. इंग्लंडांत खानेसुमारी १८०१ पासून चालू आहे. पण 'तुमचा धर्म कोणता?' हा प्रश्न ग्रेट ब्रिटनच्या मोजणींत पुरीं दोनशें वर्षें विचारला गेला नव्हता. १८५१ सालीं एक प्रयत्न झाला, तो निराळ्या प्रकारचा. त्या वर्षीं ३० मार्च हा रविवार होता. त्या दिवशीं देशांतील प्रार्थनामंदिरांत सकाळीं, दुपारीं व सायंकाळीं किती लोक हजर होते याची गणती करण्यांत आली. कोणाची श्रद्धा विचारली नाहीं. बांकांवर बसलेलीं माणसें तेवढीं मोजलीं. होरेस मान ह्या तरुण बॅरिस्टरानें त्याचा अहवाल सिद्ध केला, तेव्हां राष्ट्राला दोन धक्के बसले. हजेरीपैकीं जवळजवळ निम्मी हजेरी राजमान्य चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरील पंथांच्या मंदिरांत होती. आणि येणें शक्य असतांहि मुळींच न आलेल्यांची संख्या मान ह्यांच्या हिशेबानें बावन्न लाखांच्या वर होती. इंग्लंड व वेल्सची वस्ती तेव्हां अवघी एक कोटी एकोणऐंशी लाख.

पुढील मोजणीच्या आधीं, १८६० सालीं, सरकारनें प्रत्येकाला धर्म विचारण्याचा बेत केला. त्याला कडाडून विरोध केला तो नास्तिकांनीं नव्हे, तर राजमान्य चर्चबाहेरील धर्मनिष्ठ पंथांनीं. त्यांचें म्हणणें असें कीं, जो मनुष्य वर्षानुवर्षें कोणत्याहि मंदिराची पायरी चढला नाहीं, तोहि विचारल्याबरोबर 'चर्च ऑफ इंग्लंड' असें सांगून मोकळा होईल आणि त्या चर्चचें पारडें फुकट जड होईल. एका पक्षाला पावलें मोजावयास हवीं होतीं, दुसऱ्याला शब्द. आणि ज्या मापानें आपली संख्या वाढेल तेंच माप ज्याला त्याला खरें वाटत होतें. अखेर सरकारनें प्रश्न मागें घेतला. धर्म म्हणजे आचरण, कीं धर्म म्हणजे विचारल्यावर सांगितलेलें नांव, हा वाद मात्र मिटला नाहीं. २००१ सालच्या थट्टेनें तोच वाद पुन्हां उघडा केला.

ह्या इतिहासांतील एक विसंगति आपल्याकडील श्रोत्याच्या विशेष लक्षांत येईल. जें सरकार स्वतःच्या घरीं प्रजेला धर्म विचारावयास कचरत होतें, त्याच सरकारच्या अधिकाऱ्यांनीं हिंदुस्थानांत १८७२ च्या पहिल्या मोजणीपासून तो प्रश्न दारोदारीं विचारला. आयर्लंडांतहि तो १८६१ पासून विचारला जात होता. जित लोकांचे वर्ग पाडून पाहणें राज्यकर्त्यांना आवश्यक वाटत होतें. आपल्या शेजाऱ्याला तोच प्रश्न करणें मात्र असभ्यपणाचें वाटत होतें.

ग्रेट ब्रिटनमध्यें हा रकाना अखेर आला, तो मात्र वरून लादलेला नव्हता. १९९१ च्या मोजणींत वंश विचारला होता. पण त्या पत्रकांत पंजाबी शीख, गुजराती मुसलमान आणि मराठी हिंदु हे तिघेहि 'भारतीय' ह्या एकाच खणांत पडत. देशांत मुसलमान किती, शीख किती, हें निश्चित कोणालाच सांगतां येत नव्हतें. शाळा, दवाखाने व नोकऱ्या यांत आपल्या लोकांची उपेक्षा होते असें म्हणावयाचें, तर आधीं आपले लोक किती हें दाखवितां यावयास हवें. म्हणून अल्पसंख्य समाजांच्या संस्थांनींच हा प्रश्न मागितला. १९२० च्या खानेसुमारी कायद्याप्रमाणें उत्तर न देणें हा गुन्हा होता. त्यामुळें २००० सालीं लॉर्ड वेदरिल ह्यांनीं मांडलेल्या विधेयकानें खास दुरुस्ती झाली, आणि सर्व पत्रकांत हा एकच प्रश्न ऐच्छिक राहिला. चाळीस लाखांवर लोकांनीं ह्या सवलतीचा लाभ घेऊन रकाना कोरा सोडला. पत्रकांत सहा धर्मांचीं नांवें छापलेलीं होतीं, 'धर्म नाहीं' असाहि एक खण होता, आणि शेवटीं 'इतर' लोकांसाठीं एक मोकळी ओळ ठेवली होती. ज्यांचा धर्म छापलेल्या नांवांत नाहीं त्यांच्यासाठीं ती ओळ होती. तिच्यावर बोलपटांतील योद्धे येऊन बसले.

सरकारी पत्रकावर वांकडें उत्तर लिहिण्याची परंपरा त्या देशांत नवी नव्हती, आणि ती नेहमींच पोरकटपणाची नव्हती. १९११ सालच्या २ एप्रिलच्या रात्रीं खानेसुमारी झाली, तेव्हां स्त्रियांना पार्लमेंटच्या निवडणुकींत मत नव्हतें. आम्ही मतदारांत मोजल्या जात नाहीं, तर आम्हांला माणसांतहि मोजूं नका, असें म्हणून कित्येक स्त्रियांनीं ती रात्र घराबाहेर काढून मोजणी चुकविली. एमिली वाइल्डिंग डेव्हिसन ही तर पार्लमेंटच्या वाड्यांतच एका अडगळीच्या कपाटांत लपून राहिली. इतर कांहींनीं पत्रक भरलें. परंतु आंधळेपणा, बहिरेपणा अशीं व्यंगें नोंदविण्याचा जो रकाना होता, त्यांत 'मताधिकार नाहीं' हें आपलें व्यंग म्हणून लिहिलें. ही थट्टाच होती. पण तिच्यामागें तुरुंगाची तयारी होती. तिकडे ऑस्ट्रेलियांत, धर्म सांगण्याचा कंटाळा असलेला मनुष्य आपण 'कॅलिथंपियन' आहों असें सांगून वेळ मारून नेई. असा पंथ कोठेंच नव्हता. तरी तो शब्द त्या देशाच्या बोलींत ह्याच अर्थानें रूढ झाला.

आतां ह्या जेडाय मंडळींना बसवावयाचें कोठें? तीन देशांच्या कचेऱ्यांनीं तीन निराळे निर्णय केले. इंग्लंडच्या संख्याशास्त्र कार्यालयानें यंत्राच्या सोयीसाठीं ह्या शब्दाला एक संकेतांक दिला, आणि नंतर ते सर्व लोक 'धर्म नाहीं' असें म्हणणाऱ्या ७७ लाखांच्या वर्गांत मिळवून टाकले. ऑस्ट्रेलियाच्या कचेरीनें त्यांना ज्यांची नीट व्याख्या होत नाहीं अशा उत्तरांत ठेवलें. न्यूझीलंडच्या कचेरीनें, उत्तर समजलें परंतु गणतींत धरावयाचें नाहीं, असा एक वर्ग केला व त्यांत त्यांची रवानगी केली. म्हणजे तोच शब्द लिहिणारा मनुष्य एका देशांत अधार्मिक ठरला, दुसऱ्यांत संदिग्ध ठरला आणि तिसऱ्यांत त्याचें उत्तर बादच झालें. वर्गीकरण हें काम किती निरुपद्रवी दिसतें आणि किती निर्णायक असतें, याचा ह्याहून चांगला दाखला मिळणें कठीण.

संकेतांक मिळाला, त्या अर्थीं सरकारनें जेडाय धर्म मान्य केला, अशी आवई लंडनांत उठली. कार्यालयाला खुलासा करावा लागला कीं, संकेतांक म्हणजे कारकुनाची खूण, मान्यतेचें प्रमाणपत्र नव्हे. आणि खानेसुमारी कोणत्याहि धर्माला मान्यता देत नाहीं, मग लिहिणारे दहा असोत वा दहा लाख. कार्यालयानेंहि ही गोष्ट फार मनाला लावून घेतली नाहीं. २००३ सालीं जेडायांचे आंकडे जाहीर करतांना त्यानें आपल्या पत्रकाचा मथळा त्या बोलपटांतील वृद्ध गुरूच्या उलट्यासुलट्या वाक्यरचनेंत दिला. शिवाय, पत्रकें भरण्यास टाळाटाळ करणारे तरुण ह्या गमतीमुळें तरी तीं भरते झाले असावेत, असें समाधानहि एका अधिकाऱ्यानें व्यक्त केलें. ऑस्ट्रेलियाच्या कचेरीचा सूर अधिक गंभीर होता. जेडाय हीच ज्याची श्रद्धा असेल त्यानें तसें खुशाल लिहावें. पण जो एरवीं स्वतःला अँग्लिकन, यहुदी किंवा बौद्ध म्हणवितो त्यानें गमतीखातर तसें लिहिल्यास त्याच्याच समाजाच्या सोयींचा हिशेब चुकेल, असा इशारा तिनें दिला होता. पुढें तेथील नास्तिकांच्या संस्थेनेंहि आपल्या लोकांना अशीच विनंती केली: थट्टेचें उत्तर संदिग्धांत जमा होतें, आणि धर्म न मानणाऱ्यांची खरी संख्या तेवढ्यानें कमी दिसते.

कचेरीला वर्ग पाडून मोकळें होतां येतें. न्यायालयाला कारणें द्यावीं लागतात. ऑस्ट्रेलियांतील सर्वांत वरिष्ठ न्यायालयापुढें १९८३ सालीं सायंटॉलॉजी ह्या नव्या पंथाच्या करमाफीचा खटला आला. त्यांत दोघा न्यायमूर्तींनीं धर्माच्या दोन खुणा सांगितल्या: निसर्गापलीकडील एखाद्या सत्तेवर, वस्तूवर किंवा तत्त्वावर विश्वास, आणि त्या विश्वासाला अनुसरून वर्तनाचे कांहीं नियम पाळणें. सायंटॉलॉजी धर्म ठरली. इंग्लंडांत मात्र १९७० च्या एका निकालाप्रमाणें देवाची आराधना असल्यावांचून धर्माचें मंदिर होत नाहीं, असें मानलें जात असे; तें मत तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं बाजूस सारलें. ह्या बाबतींत भारताचें सर्वोच्च न्यायालय पुष्कळच पुढें होतें. शिरूर मठाच्या खटल्यांत, १९५४ सालींच, त्यानें सांगितलें होतें कीं धर्माला ईश्वर असलाच पाहिजे असें नाहीं. बौद्ध आणि जैन हे ईश्वर न मानणारे धर्म ह्याच भूमीवर नांदत आले आहेत.

व्याख्येचे दरवाजे असे रुंदावत गेल्यावर जेडायांचा एक संघहि इंग्लंडच्या धर्मादाय आयोगाकडे नोंदणी मागण्यास गेला. आयोगानें २०१६ सालीं ती नाकारली. ह्या मतांत पुरेशी सुसंगति व गांभीर्य नाहीं, आणि तें ऐहिक तत्त्वज्ञान म्हणूनहि आचरतां येतें, असा त्याच्या निर्णयाचा रोंख होता. निर्णय वाजवी दिसतो. परंतु गांभीर्य ही कसोटी वापरतांना जपलें पाहिजे. 'क्वेकर' आणि 'मेथॉडिस्ट' हीं दोन्ही नांवें मूळचीं टवाळखोरांनीं ठेवलेलीं. प्रार्थनेंत थरथर कांपणारे म्हणून पहिले, आणि दिनचर्येंत अतिरेकी शिस्त पाळणारे म्हणून दुसरे. १८५१ च्या मोजणींत राजमान्य चर्चच्या तोंडचें पाणी ज्या पंथांनीं पळविलें, त्यांत मेथॉडिस्टच अग्रेसर होते. शेजाऱ्यांचें हसें हा एखादा पंथ खोटा असल्याचा पुरावा मानला असता, तर त्यांची नोंदच झाली नसती.

गांभीर्याची परीक्षा सरकारच्या हातीं गेली म्हणजे काय होतें, हें पाहण्यासाठीं मात्र इंग्लंड सोडून हिंदुस्थानांतच यावें लागतें. १९०९ च्या सुधारणांनीं मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले आणि धर्माच्या रकान्यांतील आंकड्यांना राजकीय किंमत आली. पुढल्याच वर्षीं खानेसुमारीचे आयुक्त गेट ह्यांनीं प्रांतिक अधीक्षकांना एक परिपत्रक धाडलें. हिंदु म्हणून नोंदलेल्यांपैकीं कोणत्या जाति खऱ्या अर्थानें हिंदु नाहींत, हें ठरविण्यासाठीं त्यांत दहा कसोट्या होत्या: ब्राह्मणांचें श्रेष्ठत्व न मानणारे, वेदांचें प्रामाण्य न मानणारे, ब्राह्मण गुरूकडून मंत्र न घेणारे, देवळाच्या गाभाऱ्यांत ज्यांना प्रवेश नाहीं असे, ज्यांच्या स्पर्शानें विटाळ होतो असे, मृतांना पुरणारे, गाईला पूज्य न मानणारे, इत्यादि. मध्यप्रांत व वऱ्हाडांतून जें उत्तर आलें तें मोठें उद्बोधक होतें. तेथील हिंदु म्हणून गणलेल्यांपैकीं चतुर्थांश लोक ब्राह्मणांचें श्रेष्ठत्व व वेदांचें प्रामाण्य मानीत नव्हते. अर्ध्यांहून अधिकांनीं मान्य गुरूकडून मंत्र घेतलेला नव्हता. आणि एकतृतीयांशांना देवळांत प्रवेश नव्हता. ह्या शेवटच्या कसोटीकडे जरा निरखून पाहावें. ज्याला दाराबाहेर उभें केलें, त्यालाच तूं आंत कां नाहींस असें विचारून त्याच्या धर्माविषयीं शंका घ्यावयाची, असा तो प्रकार होता. गोंधळ झाला, वर्तमानपत्रांतून टीका झाली, आणि तक्त्यांत ते लोक पूर्वींप्रमाणें हिंदु म्हणूनच राहिले.

डोंगर-जंगलांतील जमातींची गोष्ट ह्याहून बिकट. त्यांच्या श्रद्धेला छापील नांवच नव्हतें. धर्माच्या रकान्यांत जमातीचें नांव लिहावें, अशी सूचना मोजणीदारांना दिली जाई, आणि मग कचेरींत त्या सर्वांवर 'अ‍ॅनिमिस्ट', म्हणजे झाडांत, डोंगरांत व ओढ्यांत चैतन्य मानणारे, असा एकच शिक्का बसे. हा शिक्का त्या लोकांपैकीं कोणीहि स्वतःसाठीं निवडलेला नव्हता. शिवाय हिंदु आणि अ‍ॅनिमिस्ट यांमधील रेषा कोठें ओढावी, हें अधिकाऱ्यांनाहि उमगत नव्हतें. मुंबई इलाख्याचे १९२१ चे अधीक्षक सेजविक ह्यांनीं तर हा वर्गच रद्द करून ह्या लोकांना हिंदूंत धरावें असें स्पष्ट सुचविलें. १९३१ सालीं नांव बदलून 'जमातींचे धर्म' असें झालें. पुढें स्वतंत्र भारतांत २०११ च्या जनगणनेच्या पत्रकांत सहा धर्मांना सहा अंक होते. इतरांनीं आपलें नांव अक्षरीं लिहावयाचें होतें. त्या मोकळ्या जागेंत सुमारें ४९ लाख लोकांनीं 'सरना' असें लिहिलें. गांवाबाहेरील सालवृक्षांच्या पवित्र राईला पूजणारा हा धर्म मुख्यतः झारखंडांतील आदिवासींचा. त्याला जनगणनेंत स्वतंत्र अंक असावा, असा ठराव झारखंडच्या विधानसभेनें २०२० च्या नोव्हेंबरांत संमत केला. इंग्लंडांत 'इतर' ह्या ओळीवर थट्टा लिहिणाऱ्याला ती ओळ म्हणजे खेळाचें अंगण होतें. येथें तीच ओळ म्हणजे लाखों माणसांच्या अस्तित्वाचा एकुलता एक सरकारी पुरावा.

आणि महाराष्ट्राला तर ह्या रकान्याचें मोल निराळें सांगावयास नकोच. १९५१ च्या मोजणींत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दींत बौद्ध अवघे २,४८७ होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. दोन महिन्यांच्या आंत, ६ डिसेंबरला, त्यांचें निर्वाण झालें. नेता गेल्यावर हें धर्मांतर टिकेल काय, अशी शंका पुष्कळांना होती. हा धर्म कीं नुसतें राजकारण, असेंहि विचारणारे होते. त्याचें उत्तर १९६१ च्या खानेसुमारीनें दिलें: महाराष्ट्रांत बौद्ध २७,८९,५०१. हें उत्तर फुकटचें नव्हतें. अनुसूचित जातींना केंद्र सरकारकडून मिळणाऱ्या सवलती १९५० च्या आदेशाप्रमाणें बौद्ध म्हणविणाऱ्याला मिळत नव्हत्या. त्या मिळावयास १९९० साल उजाडावें लागलें. म्हणजे मोजणीदार दारांत उभा असतां जुनें नांव सांगितलें तर लाभ होता, नवें सांगितलें तर हानि होती. लाखों गरीब कुटुंबांनीं हानि पत्करून नवें नांव सांगितलें. गेट ह्यांच्या कसोट्यांपैकीं एकहि न लावतां त्या शब्दाचें गांभीर्य सिद्ध झालें.

एकाच प्रकारच्या रकान्यांत अशीं दोन टोकांचीं उत्तरें पडतात. एक ज्याला कांहींच द्यावें लागत नाहीं असें, आणि दुसरें ज्यासाठीं मुलांच्या शिक्षणाचा आधारहि पणाला लावावा लागतो असें. दोन्ही आंकडे छापले जातात ते मात्र सारख्याच शाईनें. मग गंभीर उत्तरें निवडून घ्यावीं आणि हलकीं टाकून द्यावीं, असा मोह होणें साहजिक आहे. परंतु तें निवडणारा हात सरकारचा असणार. आणि त्या हातानें एकदां तराजू धरला कीं प्रथम तोलली जातात तीं दुबळीं माणसें, थट्टेखोर नव्हेत, हें १९१० सालच्या परिपत्रकावरून दिसून आलें आहे. लंडनच्या विद्यार्थ्याच्या श्रद्धेची कोणी चौकशी केली नाहीं. चौकशी झाली ती वऱ्हाडांतील देवळाबाहेर उभ्या असलेल्या माणसाची. म्हणून मनुष्य सांगेल तें नांव जसेंच्या तसें टिपून घ्यावें, ही खानेसुमारीची साधी रीत अपुरी असली तरी सर्वांत कमी अपाय करणारी आहे. तिच्यापायीं कांहीं लाख विनोदी उत्तरें सोसावीं लागलीं तर ती किंमत फार नाहीं.

शिवाय थट्टेचा निकाल काळ आपल्या रीतीनें लावतो. इंग्लंड व वेल्समध्यें २००१ सालीं जे ३,९०,१२७ जेडाय होते ते २०११ सालीं १,७६,६३२ उरले आणि २०२१ सालीं जेमतेम १,६०० च्या आसपास. ह्याच वीस वर्षांत 'धर्म नाहीं' असें सांगणारे शेंकडा १४.८ वरून शेंकडा ३७.२ वर गेले, आणि ख्रिस्ती म्हणविणारे शेंकडा ७१.७ वरून ४६.२ वर आले. जें पूर्वीं थट्टेच्या आडून सांगावेंसें वाटत होतें, तें आतां उघड सांगण्याचा संकोच त्या समाजांत उरला नाहीं, असा तर्क करण्यास ह्या आंकड्यांत जागा आहे. उलट महाराष्ट्रांतील बौद्धांची संख्या २०११ च्या जनगणनेंत ६५ लाखांवर गेली. कोणतें उत्तर खेळांतलें आणि कोणतें जन्माचें, हें ठरविण्यासाठीं कोणाला परीक्षेस बसवावें लागलें नाहीं. पुढच्या दोन-चार मोजण्यांची वाट पाहणें तेवढें पुरलें.